पंचिंग मशीन गेटच्या कुठल्या बाजूला आहे?

या वेळचं पत्र कागलकडनं आलंय. नाव, गाव, कंपनी काहीच छापत नाही, तिनंच तसं सांगितलंय. पत्र थोडं कमी करून देतो.

"काका नमस्कार. मी पंचतारांकित एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहे, कॉन्ट्रॅक्टवर, तीन वर्षं झाली. रोज 520 रुपये पडतात. फर्स्ट शिफ्ट 7 ते साडेतीन. पण गेटवर चेकिंग असतं. मोबाईल लॉकरला टाकायचा, डबा उघडून दाखवायचा, पर्स उलटी करायची, मग लेडी गार्ड अंगावरनं हात फिरवून बघते, मग आत चालत जायचं, शूज टोपी घालायची आणि डिपार्टमेंटच्या दारात पंचिंग. म्हणून 6:40 ला गेटवर यावंच लागतं. 7 च्या वर एक मिनिट गेलं तरी लेट मार्क, तीन लेट झाले की अर्धा दिवस कापतात. सुटताना साडेतीनला पंच करायचं आणि मग लाईनला उभं राहायचं. आम्ही साठ-सत्तर जणी आणि लेडी गार्ड एकच. बाहेर पडेपर्यंत चारला दहा कमी होतात, तोवर आमच्या बाजूचं वडाप, शेअरची जीप, गेलेलं असतंय. सासूबाई म्हणतात, कंपनी साडेतीनला सुटते तर तू साडेपाचला कशी घरी येतेस, म्हशीची धार कोण काढणार, डेअरीची वेळ टळते. भावानं एक रील दाखवली, अमेरिकेत कोर्टानं चेकिंगच्या वेळेचे पैसे द्यायला लावले म्हणून. मी सुपरवायझरना बोलले तर ते म्हणाले, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की द्यायचे नाहीत, आणि तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, जास्त बोलू नको. एक सर तर म्हणाले, चेकिंगबद्दल बोलतेस म्हणजे चोरांची बाजू घेतेस का. काका, खरं काय आहे? आम्ही मागतोय ते चुकीचं आहे का?"

पोरी, चुकीचं अजिबात नाही. सरळ उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. चेकिंगच्या लाईनीत उभं राहायचा वेळ पगारात धरला पाहिजे, यायचा पण आणि जायचा पण. त्या वीस मिनिटांत तू शेजारच्या टपरीवर चहाला जाऊ शकतेस का? घरनं फोन आला तर घेऊ शकतेस का? लाईन सोडून वडाप पकडू शकतेस का? नाही ना. मग तो वेळ तुझा नाहीच. तू गेटच्या आत पाय टाकलास तिथनं बाहेर पडेपर्यंत तुला कुठं उभं राहायचं, हातात काय धरायचं, कधी पुढं सरकायचं हे सगळं दुसरा सांगतोय, आणि ज्याच्या सांगण्यावरनं तू उभी आहेस त्यानं त्या वेळेचा दाम द्यायचा, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि हे मी नुसतं कायद्याची पुस्तकं वाचून सांगत नाही. मी शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं टाइम ऑफिसला होतो. माझ्या खिडकीतनं गेट दिसायचं. त्यावेळी कार्डाचं घड्याळ होतं, पुठ्ठ्याचं लांबडं कार्ड फटीत घातलं की खाट करून वेळ उमटायची, आत फीत दोन रंगाची, वेळेत असला की निळं आणि एक मिनिट जरी वर गेलं की लाल. ते घड्याळ होतं आतल्या शेडच्या दारात आणि झडती व्हायची बाहेर गेटवर, तुझ्या कंपनीसारखंच. जुलै महिना होता, पाऊस असा की समोरची शेड दिसत नव्हती, गेटवर माणसं रेनकोट काढून, डबे उघडून एकेक करून पुढं सरकायलीत, आणि त्यात एक मोल्डर होता, पन्हाळ्याकडचा, सायकलवर यायचा. तो पावणेसातच्या आधी गेटवर येऊन उभा राहिलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. त्याच्या कार्डावर 7:02 उमटलं, लाल. महिन्यातलं तिसरं लाल होतं, म्हणून मी नियमाप्रमाणं अर्धा दिवस मांडला. पगाराच्या दिवशी तो खिडकीशी आला, काही भांडला नाही, नुसतं कार्ड माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बघत होता की." मला काहीच बोलता आलं नाही. मी बघत होतो हे खरंच होतं. आज इतकी वर्षं झाली पण तुझं पत्र वाचताना पहिलं ते कार्डच डोळ्यापुढं आलं.

त्या प्रकारानंतर मी युनियनच्या पोरांना एवढंच सांगितलं की पैसे पैसे करू नका, घड्याळ गेटवर आणा म्हणा. दोन वर्षं गेली त्यात, पण आलं. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. घड्याळ गेटच्या तोंडाशी आल्यावर लाईनीतला वेळ कंपनीच्या खात्यात पडायला लागला, आणि महिनाभरातच वरच्या लोकांना लाईन दिसायला लागली. जी लाईन दहा वर्षं कुणाला दिसत नव्हती ती. लगेच दुसरा गार्ड आला, सायकलवाल्यांची वेगळी रांग झाली, डबा ठेवायला टेबल आलं, वीस मिनिटांचं काम सहा-सात मिनिटांवर आलं. तोच गेट, तीच माणसं, तीच झडती. लाईन फुकटची होती तोवर ती कमी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून मी या आठवड्याच्या सदराला नावच ते दिलंय. तुझ्या प्रश्नाची चावी त्या मशीनच्या जागेत आहे.

आता हिशोब कर, कारण आकडा हातात नसला की समोरचा "पाच-दहा मिनिटांचं काय घेऊन बसलीस" म्हणून उडवून लावतो. सकाळी 20 मिनिटं, संध्याकाळी 20, झाली 40. महिन्याला 26 दिवस धरले तर 1040 मिनिटं, म्हणजे 17 तास 20 मिनिटं. दोन अख्ख्या शिफ्टच्या वर झालं हे, दर महिन्याला. तुझ्या 520 रुपयांच्या रोजानं तासाला 65 पडतात, त्या हिशोबानं महिन्याला साधारण 1127 रुपये आणि वर्षाला 13,520. आणि हे झालं साध्या दरानं. तुझी ड्युटी रोज आठ तास, सहा दिवस, म्हणजे आठवड्याचे 48 तास आधीच भरलेत. रोजची 40 मिनिटं सहा दिवस म्हणजे बरोबर 4 तास, ते 48 च्या वर जातात, आणि 48 च्या वर गेलं की कायद्यानं ओव्हरटाइम लागतो, दुप्पट दरानं. तसं धरलं तर वर्षाचे 27,040 होतात. एका कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला ही रक्कम म्हणजे काय असते हे त्या सरांना कळत नसेल, मला कळतं, तुझ्या सासूबाईंना तर नक्कीच कळेल.

आता अमेरिकेचं. गंमत म्हणजे तुझा भाऊ पण खरा आणि सुपरवायझर पण खरा, दोघांनी अर्धं अर्धं सांगितलंय. सुपरवायझर म्हणतोय तो निकाल 2014 च्या डिसेंबरचा. नेवाडा राज्यात अ‍ॅमेझॉनची गोडाऊन, तिथं एका कॉन्ट्रॅक्टरची माणसं शेल्फवरनं माल काढून पॅकिंगला द्यायची, आणि सुटल्यावर चोरी होऊ नये म्हणून त्यांची तपासणी व्हायची, कामगारांचं म्हणणं होतं की त्यात रोज 25 मिनिटांपर्यंत जातात. सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की याचे पैसे देणं केंद्राच्या कायद्यानं बंधनकारक नाही. पण का नाही हे सुपरवायझर सांगणार नाही. तिथं 1946 साली एका भांडी बनवायच्या कारखान्याच्या केसमध्ये कोर्टानं गेटपासनं कामाच्या जागेपर्यंत चालत जायचा वेळ सुद्धा कामात धरला होता, त्यावर देशभर दाव्यांचा पूर आला, मालक लोक घाबरले आणि 1947 ला त्यांच्या संसदेनं खास कायदा करून कामाच्या आधीची आणि नंतरची अशी कामं पगारातनं वगळली, फक्त मूळ कामाचाच भाग असलेली आणि जिच्याशिवाय ते काम होऊच शकत नाही अशी गोष्ट ठेवली. तपासणी त्यात बसत नाही असं 2014 ला ठरलं. म्हणजे तो निकाल त्यांच्या त्या 1947 च्या कायद्यावर उभा आहे. आपल्याकडं कारखान्यांच्या कायद्यात कामाच्या आधीचा-नंतरचा वेळ असा उचलून बाहेर टाकणारं काही नाही, मग तो निकाल कागलच्या गेटवर कशाला सांगायचा?

आणि तुझ्या भावाची रील आहे ती बहुतेक अ‍ॅपलवाली. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतःचा कायदा आहे, तिथं मालकाच्या ताब्यात असलेला वेळ पण कामाचा वेळ धरतात. अ‍ॅपलच्या दुकानातल्या पोरापोरींना सुटताना बॅगा आणि स्वतःचे फोन दाखवायला लागायचे, आणि ते सुद्धा पंच आउट केल्यानंतर. वाचलंस ना, पंच आउट केल्यानंतर. तुझ्यासारखंच. कंपनी म्हणाली, बॅग आणायची सक्ती कुणी केली होती, आणू नका, तपासणी होणार नाही. 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही, थांबायचा वेळ पगाराचा आहे असं सांगितलं, आणि पुढं कंपनीनं जवळजवळ 3 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मग 2021 ला पेनसिल्व्हानिया राज्याच्या सुप्रीम कोर्टानं अ‍ॅमेझॉनच्याच गोडाऊनबद्दल तसंच सांगितलं, आपल्या राज्याच्या किमान वेतन कायद्याखाली. एका देशात, एकाच कंपनीच्या गोडाऊनबद्दल, दोन उत्तरं. दोन्ही वाचल्यावर मला दिसतं ते असं की निकाल कुठं फिरला तर "तू काय करत होतास" हा प्रश्न सोडून "तू कुणाच्या ताब्यात होतास" हा प्रश्न विचारला तिथं. आपण दुसराच विचारायचा.

आता आपलं घरचं. कायद्यात "गेटवरच्या तपासणीच्या वेळेचा पगार" असं एक वेगळं कलम लिहिलेलं नाही, म्हणून हे ताटात वाढून मिळणार नाही, मांडावं लागेल. पण मांडायला माल भरपूर आहे. आपला 1948 चा जुना कारखाना कायदा बघ, त्यात कारखाना म्हणजे नुसती शेड धरलेली नव्हती, शेडसकट तिचं आवार धरलं होतं, म्हणजे गेटच्या आत आलीस की तू कारखान्यात आलीस. त्याच कायद्याचं कलम 103 असं होतं की कारखाना चालू असताना, जेवणाच्या सुट्टीची वेळ वगैरे सोडून, एखादा माणूस आत सापडला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो त्या वेळी तिथं कामावर आहे असंच धरायचं. हे कलम का आलं असेल ते कारखान्यात काम केलेल्याला लगेच कळतं, इन्स्पेक्टर आला की "हा नुसता भेटायला आलाय" म्हणायची मालकांची सवय. मग 6:45 ला मशिनी चालू आहेत, थर्ड शिफ्ट आत आहे, आणि साठ बायका आवारात गार्डपुढं डबे उघडून उभ्या आहेत, त्या काय भेटायला आल्यात?

21 नोव्हेंबर 2025 ला चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या, जुना कारखाना कायदा त्यात गेला, त्यामुळं तुला कुणीतरी सांगेल की आता सगळं बदललंय. बरंच बदललंय, पण तुझ्या कामाच्या दोन गोष्टी नव्यात पण तशाच आहेत. ओव्हरटाइम दुप्पट, ही एक, बरीच ठिकाणं सिंगल देऊन भागवतात ती गोष्ट वेगळी. आणि दुसरी, गैरहजेरीची कपात. 1936 च्या पगाराच्या कायद्यापासनं हे चालत आलंय की माणूस जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच वेळाचा पगार कापायचा, त्याच्या वर नाही. दोन मिनिटं उशीर तर दोन मिनिटांचा. तीन लेट म्हणून चार तास कापणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. मी स्वतः ते कापलेत म्हणून मला हे जास्त टोचतं, त्यावेळी कुणी विचारलं नाही आणि मला पण वाटायचं की नियमच आहे.

बघ म्हणजे कसं आहे. तुझी दोन मिनिटं कंपनी मोजते, लाल करते, अर्धा दिवस कापते. कंपनीची चाळीस मिनिटं मात्र मोजायला मशीनच नाही. मोजायचं तर दोन्हीकडनं मोजा ना.

चोरांची बाजू घेतेस का म्हणाले त्या सरांना उत्तर द्यायचं, पण नीट द्यायचं, कारण त्यांची भीती खोटी नाही. मशीन शॉपमध्ये कार्बाइडचे इन्सर्ट असतात, तू बघितलीच असशील, नखाएवढी चकती, एकेक शेकड्यात जाते, दहा-बारा मुठीत मावतात आणि भंगारात विकल्या तरी पैसे देतात. पितळ, तांब्याचा बुश, गेज, हे सगळं गेटवरनं बाहेर गेलेलं मी बघितलंय, डब्याच्या भाजीखाली सापडलेलं पण बघितलंय. त्यामुळं तपासणी नको असं म्हणायचंच नाही. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, ठराविक गेटनं ये-जा करायची आणि झडती द्यायची ही बाब कायद्यानंच घातलेली आहे, 1946 पासनं. पण तोच मुद्दा आपला आहे! झडती कंपनीच्या मालासाठी, नियम कंपनीचा, गार्ड कंपनीचा, मग मिनिटं तेवढी कामगाराची कशी? कंपनी कंपाउंडची भिंत बांधते, कॅमेरे लावते, गार्डच्या एजन्सीला दर महिन्याला बिल देते, त्यातलं काही कामगाराच्या पगारातनं कापत नाही. चोरी थांबवायचा खर्च कंपनीचा आहे हे ते स्वतःच मानतात, फक्त तुमचा वेळ त्या खर्चात धरायचं राहून गेलंय. आणि बाईची झडती बाईनंच घ्यायची, आडोशाला घ्यायची, यात कुठंच तडजोड नाही, लाईन लांब झाली म्हणून पुरुष गार्डनं "बघतो मी" म्हणायचं नाही. असं कधी झालं तर त्याच दिवशी लेखी द्या, पगाराच्या मागणीशी ते जोडू नका, ती तक्रार वेगळी आणि आधीची.

आता करायचं काय. तू एकटी जाऊ नकोस. कॉन्ट्रॅक्टवरची एकटी बाई एचआरच्या केबिनमध्ये गेली की दुसऱ्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टरकडनं निरोप येतो, हे मी तुला गोड बोलून लपवणार नाही. दहा-पंधरा जणींनी जायचं आणि त्यात दोन-तीन परमनंटवाल्या असल्या तर बरं, त्यांना पण तीच लाईन आहे. युनियन असली तर त्यांच्याकडनं. आणि कुणी म्हणालं की तुमचा पगार कॉन्ट्रॅक्टर बघतो, त्याला विचारा, तर सांगायचं की कॉन्ट्रॅक्टरनं पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो भरून द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासनं तसं आहे.

त्याच्या आधी एक महिना वही घाला. साधी शंभर पानी. चार रकाने: गेटवर किती वाजता आले, पंच किती वाजता झालं, सुटताना पंच किती वाजता, गेटबाहेर किती वाजता. मोबाईल आत नेता येत नाही म्हणून हातात घड्याळ घाला, दोघी-तिघींनी वेगवेगळ्या वह्या ठेवा आणि रोजच्या रोज लिहा, आठवड्याचं एकदम बसून लिहिलं की शाई आणि अक्षर बघूनच कळतं, मला कळायचं. गेटवर व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नका, ते त्यांना आयतं कारण होतं. आणि गेटजवळच्या बोर्डवर पाळ्यांच्या वेळांची नोटीस लावलेली असते ती वाचा. कारखान्यानं कामाच्या वेळा लिहून लावायच्या आणि त्या वेळेबाहेर काम करून घ्यायचं नाही हे जुन्या कायद्यात स्पष्ट होतं. तिथं 7 ते 3:30 लिहिलं असेल, 6:40 ते 3:50 नक्की लिहिलेलं नसणार. त्या दोन वेळांमधला फरक म्हणजेच तुमची मागणी. माझे वडील सांगायचे, कोल्हापूरच्या शाहू मिलचा भोंगा झाला की अख्ख्या पेठेला कळायचं पाळी सुटली, घरात बाई चुलीवर तवा ठेवायची. वेळ सगळ्या गावाला ऐकू यायची. आता ती आतल्या दारातल्या डब्यात असते आणि बाहेर तुझी सासू घड्याळ बघत बसते.

अर्ज लांब लिहू नका, वकिली भाषा नको. असं काहीतरी लिहा: "आम्ही खाली सही करणाऱ्या महिला कामगार. गेटवरील तपासणीस आमचा विरोध नाही. परंतु तपासणी पंचिंगच्या आधी व पंचिंगनंतर होत असल्याने रोज सरासरी अमुक मिनिटे आमची विनापगार जातात, सोबत एक महिन्याची नोंद जोडली आहे. तरी पंचिंग मशीन गेटवर, येताना तपासणीच्या आधी व जाताना तपासणीनंतर पंच होईल असे बसवावे, अथवा हा वेळ कामाच्या वेळेत धरावा. महिलांसाठी शिफ्ट बदलताना दोन महिला गार्ड द्याव्यात. लेट मार्कची कपात प्रत्यक्ष उशिराइतकीच करावी." बास. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. पोच देत नाहीत म्हणाले तर स्पीड पोस्टानं पाठवा.

ते म्हणतील, मशीन गेटवर आणलं की पोरं पंच करून अर्धा तास कॅन्टीनला बसतील. हा प्रश्न आमच्याकडं पण आला होता आणि तो खोटा नाही. आम्ही दोन ठिकाणी नोंद ठेवली, गेटवरची पगाराला आणि शेडमधली सुपरवायझरला, गेटवरनं शेडपर्यंत किती मिनिटं लागतात ते सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या वर कुणी रेंगाळला तर त्या एकट्याला विचारायचं. आता तर मशीन स्वस्त झालीत, चेहरा दाखवला की झालं. आणि काही कंपन्यांत मी ते बटणाचं यंत्र बघितलंय, जाताना बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की सरळ बाहेर, लाल लागला की झडती, कुणाला लागेल ते कुणालाच माहीत नसतं त्यामुळं चोरावर धाक पण राहतो आणि साठातल्या सगळ्या साठ जणींना उभं राहायला लागत नाही. हे सुद्धा सुचवा. कंपनीचा फायदा होणारी एक तरी गोष्ट अर्जात असली की तो अर्ज पुढच्या टेबलावर सरकतो, हा माझा टाइम ऑफिसचा अनुभव.

महिना-दीड महिना वाट बघून काहीच हललं नाही तर कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जायचं, वहीच्या झेरॉक्स, अर्जाची पोच आणि पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन. तेव्हा मला कळव, चिठ्ठीवरचे रकाने कसे वाचायचे ते मी सांगतो, त्यात बरंच दडलेलं असतं. अजून एक, गेटच्या लाईनीत पाय घसरून कुणी पडलं, लागलं, तर ते घरचं दुखणं म्हणून अंगावर काढू नका. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, 2010 पासनं घरापासनं कामावर येता-जाताना झालेला अपघात सुद्धा नोकरीतला धरतात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर. लाईन तर कंपनीच्या आतच आहे.

सासूबाईंना ही वही दाखव. खरंच दाखव. त्यांना वाटतंय तू वाटेत कुठंतरी थांबतेस, आणि तुला वाटतंय त्या उगाच बोलतात, आणि दोघींच्या मध्ये जो दीड-दोन तास हरवतोय तो गेटवर आणि वडापच्या थांब्यावर जातोय. मालकानं न मोजलेली मिनिटं घरी येऊन बाईच्या डोक्यावर बसतात, पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, साडेतीनला सुटलेला पुरुष साडेपाचला घरी आला तर चहा मिळतो. मला याचा राग येतो म्हणून लिहिलं.

आणि त्या लेडी गार्डशी वाकडं घेऊ नका. सकाळी 6:40 ला तुम्ही येता तेव्हा ती आधीच उभी असते ना? तिला एकदा विचार, बाई तुम्ही किती वाजता येता, तुमची हजेरी कितीची लागते, आणि बारा तासांत बसायला मिळतं का. ती पण एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर असणार. दुसरी गार्ड द्या असं तुमच्या अर्जात लिहाल तेव्हा ते तिच्यासाठी पण असेल, तिला आधी सांगून ठेवा.